उतारूचे नावगाव

मराठीत 'उतरणे' या साध्या क्रियापदाला एक जादा अर्थ चिकटलेला आहे. घोड्यावरून, गाडीतून, गलबतावरून माणूस उतरतो हा त्याचा उघड अर्थ. परंतु परगावी आलेल्या माणसाला आपण 'कुठे उतरलात?' असे विचारतो, तेव्हा त्या प्रश्नात वाहनाची चौकशी नसते. डोक्यावरच्या छपराची असते. आगगाडीने जाणाऱ्याला आपण 'उतारू' म्हणतो, हा शब्दही त्याच कुळातला. प्रवासाचा खरा घोर चालण्यात नसून उतरण्यात आहे, हे आपल्या भाषेने फार पूर्वीच ओळखलेले दिसते.

आजच्या प्रवाशाचा हा घोर हलका झाला आहे असे वरवर पाहता वाटते. एका विमानातून उतरून दुसरे मिळेपर्यंत आठ-दहा तास मोकळे असले, तर विमानतळाच्या आवारातच सहा तासांच्या हिशेबाने खोली मिळू शकते. ओसाका येथे १९७९ मध्ये माणसाला जेमतेम आडवे होता येईल अशा कप्प्यांचे हॉटेल निघाले. तीच कल्पना २०२१ मध्ये मुंबई सेंट्रल स्टेशनवर 'पॉड' या नावाने अवतरली. पैसे मोजावेत, वेळ सांगावी आणि पाठ टेकावी, इतका हा सरळ व्यवहार वाटतो. या व्यवहारात तिसरी एक गोष्ट द्यावी लागते, ती सहसा आपल्या लक्षात येत नाही. ती म्हणजे स्वतःचे नाव. मधल्या मुक्कामाचा इतिहास पाहू गेल्यास असे दिसते की, उतारूला जागा मिळणे किंवा न मिळणे हे पैशापेक्षा नावावरच अधिक अवलंबून राहिले आहे.

हा इतिहास पाहण्यास झाशीसारखे दुसरे सोयीचे शहर नाही. झाशीची ख्याती विमानतळासाठी नाही. ती किल्ल्यासाठी आहे आणि तितकीच जंक्शनसाठी. दक्षिणेतून उत्तरेत जाणाऱ्या माणसाने येथे थांबावे, वाट बदलावी, पुढच्या सोयीची वाट पाहावी, हा या गावाचा जुना धर्म. आणि येथे अडकून पडलेल्या एका मराठी प्रवाशाने त्या मुक्कामाची हकीकत लिहून ठेविली आहे, हे आपले भाग्य.

तो प्रवासी म्हणजे कुलाबा जिल्ह्यातील, आजच्या रायगड जिल्ह्यातील, पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे. घरी दारिद्र्य आणि कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार, अशी बातमी आली आणि १८५७ साली काकांना बरोबर घेऊन हे भिक्षुक उत्तरेच्या वाटेला लागले. मुंबई-ठाणे आगगाडी सुरू होऊन तेव्हा चारच वर्षे झाली होती आणि लोहमार्ग बोरघाटाच्या पायथ्याशी थांबलेला होता. त्यापुढे सारी पायपीट. माळव्यात पोहोचतात तो शिपायांच्या बंडाचा वणवा पेटला. यज्ञ राहिला, मागे फिरणेही सोपे राहिले नाही. इंदूर, उज्जैन, धार, ग्वाल्हेर अशी गावे करीत गोडसे झाशीस येऊन ठेपले.

झाशीत त्यांना जागा कशी मिळाली, हे समजून घेण्यासारखे आहे. ओरछ्याच्या बीरसिंहदेवाने बांधलेल्या किल्ल्याभोवती वसलेले हे गाव अठराव्या शतकात पेशव्यांच्या अमलाखाली आले. १७४२ मध्ये नारोशंकर सुभेदार म्हणून तेथे गेले. त्यांनी किल्ला वाढविला, शहर वसविले. पुढे नेवाळकरांचे घराणे आले. कारकून, शास्त्री, भिक्षुक, सावकार, शिलेदार अशी मराठी घरे तेथे शंभर वर्षे नांदत होती. गंगाधरराव १८५३ च्या नोव्हेंबरात वारले आणि पुढच्याच वर्षी संस्थान खालसा झाले, तरी ही घरे होती तेथेच होती. अशा गावी दक्षिणी ब्राह्मण आला, की त्याला प्रश्न विचारले जात ते ठरलेले: आडनाव कोणते, गाव कोणते, शाखा कोणती, सोयरीक कोणाशी? चार उत्तरांत कोठे ना कोठे धागा जुळे आणि ओसरीवर पथारी पडे. गोडसे यांनी झाशीत भाड्याने खोली घेतली नाही. त्यांनी आपले नावगाव सांगितले. त्या काळी तीच हुंडी होती आणि ती वरसईपासून झाशीपर्यंत वटत असे.

या व्यवस्थेची आजही अनेकांना ओढ वाटते आणि त्यात नवल नाही. तिच्यात जिव्हाळा होता. पाहुणा आजारी पडला तर यजमानीण काढा करून देई. निघताना शिदोरी बांधून देई. खुद्द राणीच्या दारी याचकाला विन्मुख जावे लागत नसे. थंडीत कुडकुडणाऱ्या गोरगरिबांना तिने उबदार कपडे वाटल्याची आठवण गोडसे यांनीच नोंदविली आहे. मात्र ओसरीवरची पथारी आणि दारातले दान यांत अंतर होते. थंडीचे कपडे कोणालाही मिळाले. घरात जागा मिळाली ती ओळख पटलेल्याला.

पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. १८५८ च्या मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सर ह्यू रोज झाशीसमोर येऊन उभा राहिला. तोफांचा मारा सुरू झाला. १ एप्रिलला बेतवेच्या काठी तात्या टोप्यांच्या फौजेचा मोड झाला आणि ३ एप्रिलला इंग्रज शहरात शिरले. राणी रात्रीच्या अंधारात किल्ल्याबाहेर पडली. मुक्कामाला आलेला भिक्षुक वेढ्यातला नागरिक बनला. ज्या घराने आसरा दिला तेच आता लपण्याचे ठिकाण झाले. कत्तल चालली, मग लूट. लुटीलाही क्रम होता असे गोडसे सांगतात: आधी सोने-नाणे, नंतर तांब्या-पितळेची भांडी, नंतर कपडे, धान्य. त्यांची गाठीशी जमविलेली दक्षिणा त्यात गेली.

त्यांच्या वृत्तान्तातील एक प्रसंग या विषयाच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाचा वाटतो. झाशी सोडल्यावर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांची राणीशी गाठ पडली. अंगावर पुरुषी पोशाख, सारे शरीर धुळीने माखलेले, तहानेने जीव व्याकुळ. भटजी पाणी काढू लागले. विद्वान ब्राह्मणाकडून तिने ते काम करवून घेतले नाही. स्वतः मडक्याने पाणी शेंदले आणि ओंजळीने प्याली. काही महिन्यांपूर्वी जिच्या गावात हा प्रवासी उतरला होता, ती यजमानीण आता स्वतःच बिनछपराची उतारू झाली होती. तिचे नाव सांगितल्याने त्या मुलखात दार उघडले नसते. उलट माग लागला असता.

गोडसे अडीच-तीन वर्षांनी गंगेची कावड घेऊन वरसईस परतले. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी हा प्रवास लिहून काढला. तो 'माझा प्रवास' या नावाने १९०७ मध्ये छापला गेला आणि मूळ हस्तलिखिताप्रमाणे दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाखाली १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. बंडाचा इतिहास म्हणून तो पुष्कळांनी वाचला आहे. मुक्कामाचा इतिहास म्हणूनही तो वाचण्याजोगा आहे.

ज्यांना ओळखीचे घर नव्हते त्यांच्यासाठी वाटेवर सराया आणि धर्मशाळा होत्या. शेरशहाने हमरस्त्यांवर थोड्या थोड्या कोसांवर सराया बांधविल्या. त्यांत हिंदूंची आणि मुसलमानांची सोय वेगवेगळी होती. अहिल्याबाई होळकरांच्या धर्मशाळा आणि घाट तर काशीपासून रामेश्वरापर्यंत पसरलेले. इंग्रज अंमलदारांसाठी डाकबंगले निघाले. तेथला नियम मोठा चमत्कारिक होता: चोवीस तास राहून झालेल्या उतारूने नव्याने आलेल्यास जागा करून द्यावी.

बंड शमल्यावर सरकारची नजर या साऱ्या मुक्कामांकडे वळली. १८६७ साली सरायांचा कायदा झाला. सराईवाल्याने नोंदणी करावी, खोल्या आणि विहिरी स्वच्छ ठेवाव्यात, पहारेकरी नेमावेत, साथीचा रोगी आढळल्यास पोलिसांना कळवावे आणि मॅजिस्ट्रेट सांगेल त्या भाषेत दरांचे पत्रक दर्शनी लावावे, अशी त्यात कलमे होती. हे दरपत्रक क्षुल्लक वाटेल, पण मुक्कामाच्या इतिहासात ते नव्या युगाचे चिन्ह होते. भिंतीवर टांगलेला दर वाचणाऱ्याचे गोत्र विचारीत नाही. त्याच कायद्याने सराईत कोण येतो-जातो यावर सरकारी डोळाही बसला. दर सर्वांना सारखा आणि नजर सर्वांवर, या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आल्या.

या नव्या युगाला झाशीत रूळ मिळाले ते १८८९ च्या सुमारास. बंडानंतर झाशी शहर इंग्रजांनी शिंद्यांना दिले होते. १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात ते परत घेतले. इंडियन मिडलँड रेल्वे कंपनी आदल्याच वर्षी स्थापन झाली होती. १८८८ मध्ये कानपूरचा रस्ता झाला, १८८९ मध्ये भोपाळ-ग्वाल्हेरचा आणि माणिकपूरचा. चार दिशांचे मार्ग एका ठिकाणी मिळाले आणि झाशीचे जंक्शन झाले. ज्या वाटेला गोडसे यांना महिने लागले, ती मुंबईहून दोन दिवसांच्या आत आली.

आगगाडीने वेग दिला हे सर्व जाणतात. तिने आणखी एक वस्तू दिली: पुठ्ठ्याचे तिकीट. इंग्लंडातील एडमंडसन नावाच्या स्टेशनातील एका नोकराने १८३० च्या दशकाअखेरीस ते शोधून काढले. त्यावर अनुक्रमांक असे, निघण्याचे आणि पोहोचण्याचे स्टेशन असे, वर्ग असे, भाडे असे, खिडकीवर तारखेचा ठसा उमटे. नाव मात्र नसे. आपल्या समाजात ज्याच्यावर नाव लिहिलेले नाही असा हक्क त्यापूर्वी सामान्य माणसाच्या हातात क्वचितच आला असेल. तिकीट असलेला मनुष्य फलाटावर बसू शके, मुसाफिरखान्यात आडवा होऊ शके. तेथे त्याला कोणी 'कोणाचे कोण?' असे विचारण्याचे कारण नव्हते.

अर्थात भेद संपले नाहीत. त्यांनी रूप बदलले. प्रतीक्षागृहे वर्गवार झाली. वरच्या वर्गाला वेताच्या खुर्च्या, पंखा, स्नानाची जागा. तिसऱ्या वर्गाला पत्र्याची शेड. फलाटावर हिंदू पाणी वेगळे, मुसलमान पाणी वेगळे. १९१७ मध्ये गांधीजींनी तिसऱ्या वर्गाच्या हालांवर पुस्तिका लिहिली, ती उगीच नव्हे. पहिल्या वर्गाचे तिकीटही माणसाला पुरत नाही, हे ते १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत शिकले होते. पीटरमारिट्झबर्गला त्यांना डब्यातून उतरविले आणि थंडीची रात्र त्यांनी स्टेशनच्या प्रतीक्षागृहात काढली. पुढे जोहान्सबर्गच्या एका मोठ्या हॉटेलात त्यांना खोल्या भरल्याचे सांगण्यात आले. तेथे नाव विचारण्याचीही गरज पडली नाही. कातडीचा रंग पुरला.

आपल्या घरचा दाखला याहून कठोर आहे आणि तो झाशीच्या ओसरीच्या शेजारी ठेवूनच वाचला पाहिजे. १९०१ साली सातारा जिल्ह्यात मसूर स्टेशनवर संध्याकाळी काही मुले गाडीतून उतरली. वडिलांना भेटावयास निघालेली. वडिलांचे माणूस न्यायला आलेले नव्हते. कपडे नीटनेटके, जवळ पैसे. स्टेशनमास्तरने चौकशी केली आणि मुलांनी आपली जात सांगताच तो मागे सरला. गाडीवाले दुप्पट भाडे देऊनही तयार होईनात. शेवटी एक तयार झाला तो या अटीवर, की गाडी मुलांनी हाकावी आणि त्याने बाजूने पायी चालावे. रात्री टोलनाक्यावर मुलांनी मुसलमान असल्याची बतावणी केली, तरी पाणी मिळाले नाही. त्या मुलांतील एक म्हणजे नऊ-दहा वर्षांचे भीमराव आंबेडकर.

सोळा वर्षांनी, परदेशी विद्यापीठांत शिकून, ते बडोदे सरकारच्या नोकरीत रुजू व्हावयास आले. शहरात उतरायचे कुठे हा प्रश्न त्यांच्यापुढे पुन्हा तसाच उभा राहिला. एका पारशी सराईच्या रखवालदाराने दीड रुपया रोजाने जागा दिली. परंतु नोंदवहीत पारशी नाव लिहावे लागले. वरच्या मजल्यावरची ती खोली, शेजारी अडगळीने भरलेले मोठे अंधारे दालन, वटवाघळे. आणि तेथेही चोरट्यासारखे राहणे. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली दहा-बारा माणसे दाराशी आली. संध्याकाळच्या आत जागा सोडावी लागली. दोन मित्रांकडे आसरा मिळेल असे वाटले होते. तोही मिळाला नाही. गाडीची वेळ होईपर्यंत ते एका सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. ही हकीकत त्यांनी आपल्या आठवणींत लिहिली आहे.

गोडसे आणि आंबेडकर या दोघांच्या प्रवासांत साठ वर्षांचे अंतर आहे. दोघेही कोकणच्या मुळाचे, दोघेही विद्येच्या बळावर परमुलखात गेलेले. एकाजवळ पैसा नव्हता, तरी नाव होते. त्याला वेढा पडेपर्यंत छप्पर मिळाले. दुसऱ्याजवळ पैसा होता, पदवी होती, दरबारची नोकरी होती. आणि बागेतील बाकापलीकडे त्या शहराने त्याला काही दिले नाही. ओसरीवरच्या जिव्हाळ्याची आठवण काढताना त्या ओसरीचे दार कोणासाठी लागलेले होते, हेही आठवले पाहिजे. त्या रात्री त्यांना बडोद्याबाहेर घेऊन गेली ती आगगाडी. तिने नाव विचारले नाही, एवढा मोठेपणा तिच्या पदरी आहेच.

ही गोष्ट पुढे कायद्यात उतरली. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात हॉटेलांचे नाव स्पष्ट घातलेले आहे: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांमुळे कोणाला तेथे मज्जाव करता येणार नाही. १९५५ च्या अस्पृश्यताविषयक कायद्यात तर धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना अशी नावे घेऊन सांगितले आहे. राज्यघटनेच्या पानावर उपाहारगृह आणि हॉटेल कशाला, असा प्रश्न ज्याला पडत असेल, त्याने मसूर आणि बडोदे ही दोन स्टेशने आठवावीत. १९७४ मध्ये रेल्वेने तिसरा वर्गही कागदोपत्री संपविला.

आता झाशी जंक्शनवर पुन्हा येऊ. २०२१ च्या अखेरीस या स्टेशनचे नाव 'वीरांगना लक्ष्मीबाई' असे ठरले. जिला एका विहिरीच्या काठी ओंजळभर पाण्यावर भागवावे लागले, तिच्या नावाच्या पाटीखाली आज हजारो उतारू गाडी बदलतात. रेल्वेचा जुना नियम असा आहे की, पाचशे किलोमीटरांहून लांबच्या साध्या तिकिटावर पाचशे किलोमीटर झाल्यानंतर वाटेत दोन दिवस उतरता येते. मुंबईहून पुढे जाणाऱ्यास झाशीत ही मुभा मिळते, कारण अंतर अकराशे किलोमीटरांच्या वर आहे. दिल्लीहून दक्षिणेस जाणाऱ्यास मिळत नाही, कारण झाशीपर्यंत पाचशेही भरत नाहीत. स्टेशनांवर रिटायरिंग रूम असतात. त्या बारा किंवा चोवीस तासांच्या हिशेबाने मिळतात आणि तिकिटाच्या क्रमांकावर आधी राखूनही ठेवता येतात.

परंतु त्या तिकिटावर आता नाव आहे. २०१२ पासून आरक्षित डब्यातील उतारूने ओळखपत्र जवळ बाळगावयाचे असते. पुठ्ठ्याचे निनावी तिकीट इतिहासजमा झाले आहे. स्टेशनबाहेरच्या हॉटेलात नोंदवही आहे, ओळखपत्राची प्रत आहे, परदेशी पाहुण्याची खबर चोवीस तासांत सरकारला पोहोचविण्याची सक्ती आहे. १८६७ च्या सराईवाल्याला हे सारे ओळखीचे वाटले असते. यातले पुष्कळ सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे, हे मान्य करावयास हवे. तथापि ओळख पटविणे आणि ओळख पाहून दार लावणे यांत जी रेषा आहे, ती फार पुसट असते. एकटी स्त्री रात्री उशिरा आली, नवराबायको नसलेले दोघे आले, अमुक आडनावाचा तरुण आला, की कित्येक ठिकाणी खोल्या एकाएकी भरलेल्या असतात. अविवाहित जोडप्याने हॉटेलात राहू नये असा कोणताही कायदा नाही, हे २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला सांगावे लागले. जोहान्सबर्गच्या हॉटेलातील उत्तर एकशे तीस वर्षांनीही जुने झालेले नाही.

हा विचार आपणा बृहन्महाराष्ट्रातील वाचकांना अधिक जवळचा आहे. मराठी मुलखाबाहेर आपण जेथे जेथे वस्ती केली, तेथे गणेशोत्सव आणि ग्रंथालय यांच्याबरोबर आलेल्या-गेलेल्यासाठी दोन-चार खोल्याही बांधल्या. काशीयात्रेस निघालेले वृद्ध, परीक्षेस आलेली मुले, बदलीवर आलेले कारकून यांना त्या खोल्यांनी आधार दिला. परमुलखात आपली भाषा कानी पडावी आणि गरम वरणभात मिळावा, यासारखे सुख नाही. त्या खोल्यांच्या दारावर मात्र आजही क्वचित् चिठ्ठी मागितली जाते, ओळखीचा माणूस मागितला जातो आणि आडनाव ऐकून क्षणभर थांबले जाते. संस्था चालविणाऱ्यांच्या अडचणी खऱ्या आहेत. खोल्या थोड्या आणि मागणी फार. तरीही दर भिंतीवर लावता येतो, आधी येणाऱ्यास आधी जागा देता येते. नाव नोंदवहीत अवश्य लिहून घ्यावे. ते खोलीची किल्ली हाती दिल्यानंतर लिहून घेतले, तरी नोंदवही अपुरी राहत नाही.